मुठीतले दोन कार्बन

१

गाडी चालू झाली की बॅटरीचं काम संपतं, असं सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांना वाटतं, हा आता काहीतरी गळ्यात मारणार. पण खरं तेच आहे. बॅटरी फक्त इंजिनाला जागं करते. पुढे दिवे, हॉर्न, वायपर, गाणी, सगळा संसार अल्टरनेटर ओढतो, आणि सकाळी बॅटरीने जे खर्च केलं तेही तिला परत भरून देतो. घरात कमावणारा एक आणि खाणारे दहा, त्यातला तो एक.

इंजिनाचा पट्टा त्याला फिरवतो. आत लोखंडी रोटर असतो. तो नुसता फिरून भागत नाही, त्याचं चुंबक व्हावं लागतं आणि त्यासाठी आधी त्यालाच थोडा करंट पाजावा लागतो. फिरत्या वस्तूला वायर बांधता येत नाही. म्हणून दोन कार्बन असतात, फळ्यावर लिहून उरलेल्या खडूएवढे, काळे. मागून स्प्रिंग लावून ते रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर टेकवलेले असतात आणि गाडी चालते तोवर घासत राहतात. काही वर्षांत झिजतात. मालक म्हणतो अल्टरनेटर मेला, मी कार्बन बदलतो, आणि मेलेला उठून कामाला लागतो. कार्बनच नसतील तर मात्र सगळं मुसळ केरात. काडीचा करंट निघत नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. पुढचं ऐकताना मला मध्येच कुणी शिकवायला येऊ नये.

मला हे शिकवलं दादाने, माझ्या थोरल्या भावाने. वर्कशॉप त्याचंच. त्याचा पहिला नियम म्हणजे पाना उचलायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं. विसरलो की टपली ठरलेली, मग समोर गिऱ्हाईक असो की सासरा. त्याच्या आणखी दोन खास सवयी होत्या. एक, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू अल्टरनेटरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते तो असा सांगायचा. दुसरी सवय, मागच्या झाकणाच्या आत सुईने खूण करायची. तारीख, नवं बेअरिंग असेल तर एक गोल, नवे कार्बन असतील तर दोन उभ्या रेघा. आणि ही खूण तो काम व्हायच्या आधी करायचा.

"अरे, झाल्यावर लिही ना," मी म्हणायचो.

"आधी लिहिलं की करावंच लागतं," तो म्हणायचा. यावर आम्ही वीस वर्षं भांडलो.

आठ वर्षांपूर्वी दादा काम करता करता वर्कशॉपच्या फरशीवर कोसळला. हृदयाचे ठोके मध्येच गळत होते. छातीत पेसमेकर बसवला. तेव्हापासून तो घरी आणि मी इथे एकटा. "मला सत्तरवर बांधलंय," येईल त्या पाहुण्याला तो सांगतो. "मिनिटाला सत्तर, कमी नाही. बॅटरी दिलीय आत, पण गाढवांनी अल्टरनेटर नाही दिला."

पाहुणे हसतात. वहिनी हसत नाहीत.

२

त्या मंगळवारी सकाळी नऊला बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दुधाच्या सायीच्या रंगाची जुनी गाडी स्वतः चालवणाऱ्या. रोज सकाळी तासभर फेरी मारायचीच, हा त्यांचा नेम. गाडीला त्यांनी कधी गंज लागू दिला नाही आणि मला कधी फारसं काम दिलं नाही.

"मिस्त्री, ही आता भाच्याला देतेय," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना नीट दिसत नाही हो. तो आठ तारखेला गाडी लांब घेऊन जाईल. पण त्याचं म्हणणं, किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा, तो लागतच नाही."

"कधीपासून?"

"मला काय माहीत? मी रस्त्याकडे बघते, दिव्याकडे नाही."

किल्ली फिरवली. बाकीचे दिवे लागले, बॅटरीचा नाही. हा दिवा कार्बनमधूनच रोटरकडे जाणाऱ्या करंटवर लागतो. तो लागत नाही म्हणजे एकतर बल्ब गेला किंवा कार्बन संपले. बल्ब काढून पाहिला. ठणठणीत. मग कार्बनच. पाच मिनिटांचं निदान, मी स्वतःवर खूश झालो.

सवयीने इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला. कार्बन संपलेल्या गाडीत बारा-सव्वाबारा व्होल्ट दिसायला हवेत, तेही उतरत जाणारे. मीटरने चौदा पूर्णांक दोन दाखवले. मी हेडलाइट लावले, पंखा लावला, मागची काच गरम करायचं बटण दाबलं. चौदा पूर्णांक दोन. एक आकडा हलला नाही. एवढा धडधाकट अल्टरनेटर मी नव्या गाडीतही पाहिलेला नाही.

मी दादाचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कानामागे लावला.

बेअरिंगची घरघर होती, गोड, एकसारखी. तिच्या खाली आणखी काहीतरी होतं. बारीक टक, मग थांबणं, मग टक. पट्ट्याला चीर असली तर असा आवाज येतो, म्हणून मी इंजिनाला रेस दिली. घरघर चढत गेली, शिट्टीपर्यंत पोचली. टक मात्र होता तिथेच राहिला. रेस सोडली, तरी तेवढाच. इंजिनावर जे जे फिरतं ते इंजिनाबरोबर चढतं आणि उतरतं. याला जगात अपवाद नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एक मिनिट मोजलं.

सत्तर भरले.

खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात दादा आलासुद्धा नाही. माझ्या डोक्यात आलं की कुठलातरी रिले, करंट जोडणारा-तोडणारा खटका, टकटकतोय आणि बॉनेटच्या पत्र्यातून ऐकू येतोय. बाईंना म्हटलं, गाडी ठेवून जा, उद्या घेऊन जा.

३

दहाच्या सुमाराला मी टर्मिनल काढलं, पट्टा उतरवला, अल्टरनेटर बाकावर आणला आणि मागचं झाकण उघडलं.

कार्बन झिजलेले नव्हते. कार्बन नव्हतेच.

दोन चौकोनी खोबणी, त्यात दोन स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांच्या पुढे मोकळी हवा. आत काळी पूड नाही. कार्बन झिजतो तेव्हा त्याची काजळी सगळीकडे बसते, बोट फिरवलं की बोट काळं. मी बोट फिरवलं. ते स्वच्छ निघालं. तांब्याच्या कड्या नव्या नाण्यासारख्या लखलखत होत्या. त्यांवर कधी काही टेकलंच नव्हतं.

मी झाकण उजेडात धरलं. आत सुईने कोरलेली तारीख होती, आणि खाली दोन उभ्या रेघा. अक्षर दादाचं. तारीख तो कोसळला त्या दिवसाची.

मग मला सगळं आठवलं. त्या दिवशी दादाला दवाखान्यात टाकून मी चौथ्या दिवशी वर्कशॉप उघडलं. बाकावर हा अल्टरनेटर पडला होता. आत डोकावलो, दोन रेघा दिसल्या. झालंय म्हणायचं काम, असं समजून मी झाकण लावलं, अल्टरनेटर गाडीत चढवला, मीटर लावला. मीटर चौदा पूर्णांक दोन म्हणाला. मी गाडी देऊन टाकली. दादा खूण आधी करतो हे मला वीस वर्षं माहीत होतं, त्यावरून मी त्याच्याशी भांडलो होतो, आणि नेमका त्या दिवशी विसरलो.

म्हणजे ही गाडी आठ वर्षं कार्बनशिवाय चाललीय.

मी बाकाशेजारी बसून स्वतःशी वाद घातला. जुन्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, ठीक. त्यावर एखादा मिणमिणता दिवा लागेल. हेडलाइट, पंखा आणि गरम काच लागणार नाही, आणि आठ वर्षं तर नाहीच नाही. करंट हवेतून येत नाही. कुणीतरी तो द्यावाच लागतो. मग यात कोण देत होतं?

साडेदहाला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, यांना बरं वाटत नाहीये. भिंत धरून चालतायत. मघाशी दहाला म्हणाले, दिवे गेले का गं? दिवे तर चालू होते."

४

संध्याकाळी दादाच्या घरी गेलो तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. चेहरा राखेचा झाला होता. शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. नाडी पन्नासच्या खाली. उद्या अकराला मोठ्या दवाखान्यात न्या, मशीन तपासून घ्या, म्हणाले.

"पण मागच्याच महिन्यात तपासलं की हो," वहिनी म्हणाल्या. "बॅटरी संपत आली असेल म्हणून गेलो होतो. तर ते म्हणाले, काल बसवल्यासारखी भरलेली आहे. त्यांनी तीनदा बघितलं. आपलंच यंत्र बिघडलं असेल म्हणाले."

मला बाकावरचा तो अल्टरनेटर आठवला, पण तो विषय काढायची माझी हिंमत नव्हती.

दादाने मला खुणेने जवळ बोलावलं. "काय काम आलंय?"

त्याच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. सांगितलं. बाईंची गाडी, रिकामी खोबणी, दोन रेघा. आवाज आणि मीटर तेवढे गाळले.

त्याने आपली मूठ उघडून पाहिली. मग म्हणाला, "कार्बन माझ्या हातात होते रे. घालणारच होतो. मग फरशी वर आली."

वहिनी उठून आत गेल्या आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन आल्या. तळाशी कापसात गुंडाळलेले दोन काळे तुकडे होते. "नर्सने मूठ उघडून काढले होते," त्या म्हणाल्या. "चार दिवस सोडत नव्हते. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं असेल, म्हणून ठेवले."

दादाने ते माझ्या तळहातावर ठेवले. त्याची बोटं थंड होती.

"हेच घाल. तिचेच आहेत. आठ वर्षं मी झालेल्या कामाचा मान लोकांकडून घेतोय आणि तिथे काम अर्धं पडलंय. मला लाज वाटते, धाकट्या. सकाळी पहिलं हे कर."

"दादा, आधी दवाखाना—"

"दवाखाना अकराला आहे. वर्कशॉप आठला उघडतं."

रात्रभर मी कूस बदलत राहिलो. विचार करता करता एक हिशेब जुळला आणि त्याने मला धीर दिला. ती गाडी जर कुणाकडून ओढत असेल, तर ती माझ्या भावाकडून ओढतेय. तिचे कार्बन तिला दिले की तिचं ती कमवेल आणि दादा मोकळा होईल. वेडेपणाचा विचार होता, पण माझ्या सोयीचा होता, म्हणून मी तो धरून ठेवला.

५

सकाळी आठला ते दोन कार्बन खोबणीत बसवले. मापाने शिवून घेतलेल्या पोशाखासारखे बसले. झाकण लावलं, अल्टरनेटर चढवला, पट्टा ताणला, आणि सर्वांत शेवटी टर्मिनल जोडलं.

किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

इंजिन चालू केलं, दिवा विझला, जसा विझायला हवा तसा. मीटर चौदा पूर्णांक दोन. हेडलाइट लावले तर आकडा थोडा खाली गेला आणि सावरला, कुठल्याही प्रामाणिक अल्टरनेटरसारखा. स्क्रूड्रायव्हर कानामागे लावला. घरघर होती. टक नव्हता. सुटलो, असं मी मोठ्याने म्हटलं. मला रडू येत होतं, इतकं हलकं वाटत होतं.

फोन वाजला.

"भाऊजी!" वहिनी ओरडत होत्या. "हे चहा पीत होते, कप हातातून पडला, खुर्चीतच… बोलत नाहीयेत! नाडी लागत नाही मला! लवकर या!"

"कधी? वहिनी, कधी झालं?"

"आत्ता! आत्ता!"

माझा हिशेब उलटा होता. ती त्याच्याकडून ओढत नव्हती. आठ वर्षं ती त्याला भरत होती. रोज सकाळी बाईंच्या तासाभराच्या फेरीत ती त्या छातीतल्या डबीत करंट ओतत होती, आणि मी आत्ताच, त्याच्या सांगण्यावरून, तिला तिचं तिचं कमवायला लावून त्याची वाट तोडली होती.

त्या जातीच्या अल्टरनेटरला एक सोय असते. मागचे दोन स्क्रू काढले की कार्बनची अख्खी डबी बाहेर येते. इंजिन बंद करायचं मला सुचलं नाही, सुचलं असतं तरी धीर झाला नसता. फोन बॉनेटखाली पत्र्यावर ठेवला, वहिनींच्या हाका चालूच होत्या, आणि फिरत्या पट्ट्याच्या बाजूने हात आत घातला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गरम होता, बोट भाजलं. डबी ओढली तेव्हा निळी ठिणगी उडाली.

मीटर कोसळला. बारा पूर्णांक सहा. बारा पूर्णांक तीन.

मी त्या आकड्याकडे बघत उभा राहिलो. आता तो अकरावर जाईल आणि तिथे सगळं संपेल. ते तसंच व्हायला हवं होतं, माझं अख्खं ज्ञान तेच सांगत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडून म्हणत होतो की माझं ज्ञान खोटं ठरू दे.

बारा पूर्णांक तीन. बारा पूर्णांक पाच.

"भाऊजी, पापणी हलली."

तेरा.

"डोळे उघडले! अहो, ऐकताय का? इकडे बघा. मी आहे."

तेरा पूर्णांक आठ. आकडा हळूहळू चढत होता, जिना चढणाऱ्या माणसासारखा, मध्ये थांबत. चौदा पूर्णांक दोनला पोचला आणि तिथे बसला. मी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. लावायची गरज नव्हती. डबी काढल्यामुळे रिकाम्या झालेल्या भोकातून मला रोटर फिरताना दिसत होता, आणि त्याच्या पुढे, कड्यांच्या मधोमध, अंधारात काहीतरी आकसत होतं आणि सैल होत होतं. एकदाच पाहिलं. मग डबीतले दोन्ही कार्बन काढून घेतले, रिकामी डबी भोकावर बसवली आणि तिच्यावर फडकं टाकलं.

अकराला दवाखान्यात दादाचं मशीन तपासलं. बॅटरी काल बसवल्यासारखी होती.

६

काम निघालंय असं सांगून गाडी मी माझ्याकडेच ठेवली होती. आठ तारखेला बाई आणि भाचा आले. मी माझी स्वतःची गाडी धुऊन दारात उभी केली होती, बाईंच्या गाडीपेक्षा बारा वर्षांनी नवी.

"ही तुम्ही न्या," मी भाच्याला म्हटलं. "ती मला द्या. वर काही नको."

भाचा आधी हसला, मग माझ्या हातातली किल्ली बघून माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना?" बाई म्हणाल्या.

"आहे, बाई. तिच्यावर जीव जडलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं मुलांची थापेबाजी ऐकलेली बाई. जाताना तिच्या बॉनेटवर हात फिरवून गेल्या.

आता रोज सकाळी सातला मी तिला तासभर फिरवतो. ताप असला तरी. लग्नाकार्याला बाहेरगावी जात नाही, लोक मला माणूसघाणा म्हणतात. तिचं पाणी, तेल, पंप, नळ्या, टायर, सगळं वेळेच्या आधी बदलतो. एका जागेला हात लावत नाही. ती एक दिवस बंद पडणार, गाडी आहे शेवटी, आणि त्या दिवसाचा विचार मनात आला की माझी पाचावर धारण बसते. दादाच्या घराकडे मी तिला कधी नेत नाही. ती वर्कशॉपमध्ये असते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी बदलली हे त्याच्या घरी सांगितलेलं नाही, तिथे मी बसने जातो. ते दोन कार्बन माझ्या खिशात असतात.

दादाची तब्येत छान आहे. तोंडावर तेज आलंय. वहिनी हल्ली त्याच्या विनोदांना हसतात.

परवा रविवारी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. वहिनी आत होत्या. त्याने अचानक विचारलं, "धाकट्या, घातलेस ना रे ते कार्बन?"

खोटं बोलायला मी आता शिकलोय. "घातले."

"आणि बाईंची गाडी?"

"भाचा घेऊन गेला. लांब."

"बरं झालं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. डावा हात छातीवर होता, मशीन आहे तिथे. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकताना मिटायचा तसे त्याने डोळे मिटले.

"पण तो पट्टा बदल," तो म्हणाला. "सकाळी सातला सुटताना किंचाळतो."

मी कपाकडे बघत बसलो.

सोमवारी मी पट्टा बदलला. टर्मिनल न काढता.